खिडकीवर सांगितलेले नाव

तपासणीला लागणारा वेळ असा: खिडकीवर नाव लिहून घ्यायला दोन मिनिटे, डॉक्टरांसमोर दहा, रक्त काढायला एक. निकालाला आठ दिवस. दवाखान्याच्या फाटकातून आत जायला मात्र मला पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यांत मी तीनदा दुर्गला जाऊन परत आलो. एकदा स्टेशनवरूनच, एकदा फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरून, एकदा फाटकाला हात लावून. दर वेळी कचेरीत किंवा कोर्टात डोकावून एखादी बातमी घेऊन यायचो. कामाला गेलो होतो, असे स्वतःला सांगता यावे म्हणून.

आजही त्या टपरीवर कोणीतरी बसलेला असेल. आत काय होते हे त्याला आधी कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. औषधांचे डॉक्टर सांगतील. बाकीचे मला ठाऊक आहे.

या मजकुरात माझे नाव खरे आहे. बायकोचे तिच्या परवानगीने खरे आहे. तिच्या भावाचे नाव बदलले आहे. ती अट तिची. तिने अशी अट का घातली ते पुढे येईल.

तळहात

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा भिलाईचा बातमीदार होतो. पोलाद कारखाना उभा राहत होता. पहिली झोतभट्टी पेटली होती, दुसरीचे काम चालू होते, आणि कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या एका खोलीत दिवसातून दोनदा लाल धूळ झाडावी लागे. लग्नाला दोन वर्षे झाली होती. सुमन, माझी बायको, पोळ्याला माहेरी तुमसरकडे गेली आणि दसऱ्यापर्यंत राहिली.

त्या मधल्या काळात चुनखडीच्या खाणीची बातमी करून परतताना ठेकेदाराच्या माणसांबरोबर मी दुसऱ्या गावातल्या एका घरी गेलो. एकदाच. हे 'एकदाच' मी पुढे डॉक्टरांना सांगितले, सुमनला सांगितले, स्वतःला तर कितीदा सांगितले. आकडा लहान असला की गोष्ट लहान होते, अशी माझी समजूत असावी.

तीन आठवड्यांनी एक फोड आला. दुखत नव्हता. मलम लावले आणि दसऱ्याच्या सुमारास तो आपोआप वाळला. तो आपोआप बरा झाला याचा मला आनंद झाला. या रोगात फसगत होते ती इथेच. फोड जातो, रोग राहतो. सुमन परत आली तेव्हा मी स्वतःला बरा समजत होतो.

मार्गशीर्षात दोन्ही तळहातांवर तांबूस डाग उठले. खाज नाही, दुखणे नाही. मी बातम्यांच्या दोन प्रती लिहीत असे, त्यामुळे सुमनला वाटले कार्बन पेपरचा रंग बसला आहे. तिने लिंबाची फोड घेतली, माझा हात मांडीवर ठेवला आणि तळवा घासायला बसली.

"निंगून नाही राह्यला जी," ती म्हणाली. "कोनता कागद वापरता तुमी?"

मी म्हटले, नवा आणला आहे, पक्का दिसतो. तिने दुसरी फोड घेतली. तिला तेव्हा दिवस गेले होते. तिसरा महिना लागत होता.

त्या रोगाला लोक गरमी म्हणतात. ते नाव मला माहीत होते. ती हात घासत असताना मी ते मनात उच्चारले आणि हात मागे घेतला.

रांग

उलट्यांनी सुमन फार थकली. तिचा थोरला भाऊ नामदेव लांजेवार येऊन तिला महिनाभरासाठी घेऊन गेला. घर रिकामे झाल्यावर मी चौथ्यांदा दुर्गला गेलो आणि आत शिरलो.

या तपासणीची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. दारावर पाटी नव्हती, पण विचारावे लागले नाही. जिथे पंधरा-वीस पुरुष एका रांगेत उभे असून कोणीच कोणाशी बोलत नाही, ती जागा तीच. कारखान्यात काम करणाऱ्यांनी खिशावरचे बिल्ले काढून ठेवले होते. त्यामुळे ते अधिकच ओळखू येत. खिशावर पिनेची दोन भोके आणि त्यांच्याभोवती न उडालेल्या रंगाचा एक चौकोन.

तुम्ही गेलात तर एवढे लक्षात ठेवा: कोणी तुमच्याकडे पाहत नाही. प्रत्येक जण आपल्याकडे कोणी पाहू नये या कामात गुंतलेला असतो.

खिडकीवर मेश्राम नावाचे कंपाउंडर होते. गोंदियाचे. चाळिशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी वर न पाहता विचारले, "नाव?"

बातमीदाराला नाव विचारायची सवय असते, सांगायची नसते. मी तयारी करून आलो होतो. एक साधे, कोणाचेही नसलेले नाव रस्त्यात ठरवले होते. खिडकीवर ते आठवले नाही. खिशात नामदेवचे आदल्या दिवशी आलेले पत्र होते: बहीण सुखरूप आहे, काळजी नसावी. खाली सही. माझ्या तोंडून ते नाव बाहेर पडले.

"नामदेव लांजेवार."

"लांजेवार म्हंजे भंडाऱ्याकडले का जी?"

"हो."

"मी गोंदियाचा. आपल्याकडले लोक लय येऊन राह्यले इकडं."

मागून कोणीतरी म्हणाले, "इकडं म्हंजे भिलाईले का या खिडकीवर?"

दोघे-तिघे हसले. मीही हसलो. मेश्राम यांनी कार्डावर नाव लिहिले, नंबर टाकला आणि कार्ड माझ्या हातात दिले. माझ्या मेहुण्याचे नाव, ठसठशीत अक्षरात, गुप्तरोगाच्या कार्डावर. ते तेव्हाच बदलून घेता आले असते. मागे रांग होती, म्हणून मी पुढे सरकलो.

हिरवा पडदा

आत टेबल, दोन खुर्च्या, एक हिरवा पडदा. डॉक्टर बंगालकडचे, हिंदी बोलणारे, वयस्कर. त्यांनी विचारलेले प्रश्न मी रोज दुसऱ्यांना विचारत होतो तेच होते. काय झाले, कधी झाले, कुठे. उत्तरे दिली. नंतर, कोण?

"ती बाई कोण? नाव काय?"

मी म्हटले, माहीत नाही.

"विचारले नाही?"

"नाही."

त्यांनी कागदावर एक आडवी रेघ मारली. तिलाही उपचार मिळाले असते, एवढेच म्हणाले. कारखान्यात क्रेनवरून पडलेल्या मजुराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गाव विचारल्याशिवाय मी कधी बातमी पाठवली नाही. त्या घरात तासभर होतो आणि एक नाव विचारले नाही. मी तिला दोष देत आलो होतो. त्या आडव्या रेघेनंतर तेवढे थांबले.

पडद्यामागे कपडे खाली करावे लागतात. दिवा जवळ आणतात. हातमोजे थंड असतात. सारे मिळून दोन मिनिटे. दुखत नाही. मग तळहात आणि तळपाय पाहतात, तोंडात पाहतात, आणि दंडाला रबर बांधून रक्त घेतात. काचेची पिचकारी उकळत्या पाण्याच्या भांड्यातून चिमट्याने काढलेली असते. मी दुसरीकडे पाहिले नाही. सुई शिरताना पाहायला हवे, असे वाटले.

मी बुटाचे बंद बांधत असताना डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला. लग्न झाले आहे का?

मी सांगितले, बायको गरोदर आहे. त्यांचे लिहिणे थांबले.

आठ दिवस आणि पुढचे दहा

निकालाच्या चिठ्ठीवर नंबर होता, लांजेवार होते, आणि रोग आहे असा अर्थ होणारा एक शब्द. डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचला नाही, बोट ठेवून दाखवला. ही त्यांची सभ्यता होती. मग म्हणाले, तुमचे काही अवघड नाही, दहा दिवस पेनिसिलिन घ्या. बायकोला याच आठवड्यात आणा. चौथा महिना आहे ना? आता तिला औषध मिळाले तर पोटातल्या मुलालाही मिळेल. उशीर झाला तर मूल पोटातच जाईल किंवा रोग घेऊन येईल.

"बच्चा आपके शरम के लिए नहीं रुकेगा," ते म्हणाले.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. सवयीने. लिहून घेतले की काम झाल्यासारखे वाटते.

दुसऱ्या दिवसापासून सुया सुरू झाल्या. आधी मनगटाजवळ थोडेसे औषध टोचून पाहतात, सोसते की नाही म्हणून, आणि वीस मिनिटे बसवून ठेवतात. पहिल्या सुईच्या दिवशी दुपारी थंडी वाजून ताप आला, संध्याकाळपर्यंत उतरला. तसे झाले तर घाबरू नये, असे मला आधी सांगितले होते. सुया कमरेखाली देतात, तिथे गाठी येतात. सायकलच्या सीटवर बसवत नाही. मी कॅम्पातून पॉवर हाऊसच्या थांब्यापर्यंत सायकल हाताने ढकलत नेई आणि तिथून बस धरी. कोणी विचारले तर सायकल पंक्चर आहे म्हणे. दहा दिवस पंक्चर.

तळहातांवरचे डाग पाचव्या-सहाव्या दिवशी फिकट होऊ लागले.

या दहा दिवसांत मी सुमनला आणले नाही. तीन पत्रे लिहिली. पहिल्यात सगळे होते, ते फाडले. दुसऱ्यात अर्धे होते. तिसऱ्यात तब्येत जपावी एवढेच उरले, आणि तेही टाकले नाही, कारण त्यांच्या घरी आलेले कोणाचेही पत्र नामदेव आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवी. मनाशी असे ठरवले की आधी आपण बरे होऊ, मग सांगू. बरा झालेला माणूस सांगतो तेव्हा गोष्ट जुनी वाटते. माझी गोष्ट जुनी वाटावी म्हणून मी तिचे दहा दिवस घेतले.

दहाव्या सुईला मेश्राम यांनी कार्डावर खूण केली आणि पहिल्यांदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"बाईले कावून नाही आनलं जी?"

"माहेरी आहे."

"माहेरी रोग थांबते का?"

मागे रांग होती. मी बाजूला सरकलो. ते खिडकीतून वाकून पुढे म्हणाले, "लांजेवारजी, मी इथं सात वर्सापासून बसून राह्यलो. मानूस येते, सुई घेते, बरा होते, निंगून जाते. बाई येते तवा लय उशीर झाला असते. तुमी आज जा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने गेलो.

तुमसर

सासुरवाडीत माझे स्वागत झाले. नामदेवने अंगणात खाट टाकली, पाय धुवायला पाणी ठेवले. तो मोठ्या आवाजाचा, गावात कोणाचेही काम अडले की धावणारा माणूस. माझ्याविषयी त्याला अभिमान होता. पेपरात माझे नाव आले की तो पेपर चार घरी फिरवत असे.

"भाऊजी," तो म्हणाला, "साऱ्या दुनियेची बातमी तुमाले. अन् घरच्या बाईले दोन ओळी लिहाले फुरसत नाही. आमी वाट पाहून राह्यलो."

"कारखान्याचं काम लय होतं."

"कारखाना काय बाळंत होऊन राह्यला का?"

घरात हसणे झाले. सुमन दारात उभी होती, रंग उतरलेला, डोळे हसरे. सासूबाई म्हणाल्या, "अजून महिना राहू द्या जी पोरीले. आता कुठं अन्न टिकून राह्यलं."

मी म्हटले, दुर्गला चांगले डॉक्टर आहेत, एकदा तपासून घेऊ. यातला शब्दन् शब्द खरा होता. नामदेवला ते फार पटले. भिलाईसारखे दवाखाने इकडे कुठे, असे तोच आईला समजावू लागला आणि सुमनची गाठोडी त्यानेच स्टेशनवर आणून दिली. गाडी सुटताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवा वर होता. डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते.

पायरी

गाडीत बोलणे शक्य नव्हते. डबा भरला होता, असे मी म्हणेन. गोंदियाला तो अर्धा रिकामा झाला, हेही खरे आहे.

दुर्गला उतरल्यावर स्टेशनबाहेर आम्ही बसलो. पहिल्या खर्ड्यात मी इथे 'बाकावर' असे लिहिले होते. सुमनने वाचून खोडले आणि 'पायरीवर' केले. पायरीच होती. तिच्या बाजूला गाठोडी, मध्ये पाण्याचा तांब्या, मग मी.

"गोंदियापासून तुमी काई बोलून नाही राह्यले," ती म्हणाली. "नोकरी गेली का?"

मी चार वाक्यांत सांगितले. छोटी बातमी लिहावी तसे. मला रोग झाला, तो असा झाला, तुलाही असू शकतो, आज रक्त द्यायचे आहे.

ती तांब्याकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "कवा?"

"पोळ्यानंतर. तू इथं नव्हती तवा."

"मी नव्हती म्हनून गेले का?"

"नाही."

"मंग मी नव्हती हे कावून सांगता?"

मी मधला तांब्या थोडा बाजूला सरकवला.

"कोन होती?"

"नाव मालूम नाही."

"मेलेल्या मानसाच्या बापाचंबी नाव विचारून येता तुमी."

समोरून टांगे जात होते. एका टांगेवाल्याने कुठे जायचे विचारले. मी हातानेच नको म्हटले. तिने पदर पोटावर ओढून घेतला.

"लेकराले काय होईल?"

"टाइमात इलाज झाला तं काई होत नाही, म्हनते डॉक्टर."

"टाइमात म्हंजे कवा?"

"याच आठवड्यात आना म्हनले होते."

"कवा म्हनले होते?"

"बारा दिवस झाले."

ती उठली. तांब्यातले पाणी तिने जमिनीवर ओतून टाकले आणि गाठोडी स्वतः उचलली. "कोन्या बाजूनं हाये दवाखाना?"

मी मागून चालत होतो. अजून एक गोष्ट सांगायची होती आणि रस्ता संपत आला होता. टपरीपाशी मी तिला थांबवले. म्हटले, खिडकीवर नवऱ्याचे नाव विचारतील. माझ्या कार्डावर नाव वेगळे आहे. दोन्ही कार्डे एकत्र ठेवतात, म्हणून तिथे तेच सांगावे लागेल.

"वेगळं म्हंजे कोनाचं?"

मी सांगितले.

रोगाचे ऐकून ती रडली नव्हती. आता तिच्या तोंडाचा आकार बदलला. "माया भावाचं?" ती म्हणाली. "ज्यानं आता आपली गाठोडी उचलून देली त्याचं? मी तिथं काय सांगू? माया भाऊ माया नवरा हाये म्हनून सांगू?"

आमच्या घरांत त्या काळी बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. लग्नात एकदा, उखाण्यात गुंफून. नंतर कोणी विचारले तर ती शेजारच्या बाईला खूण करी किंवा मुलाला पुढे करी. सुमनने दोन वर्षांत माझे नाव घेतल्याचे मी ऐकले नव्हते. पोस्टमन नाव विचारी तेव्हाही ती पाटीकडे बोट दाखवी. मी तिला नवऱ्याचे नाव घ्यायला सांगत होतो, आणि तेही तिच्या भावाचे.

खिडकी

रांगेत ती एकटीच बाई होती. पुरुषांनी सरकून जागा दिली. मेश्राम यांनी वर पाहिले, मला ओळखले, माझे कार्ड गठ्ठ्यातून काढले आणि नवे कार्ड पुढे ओढले.

"बाई, तुमचं नाव?"

"सुमन."

"नवऱ्याचं नाव?"

विचारताना त्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्याकडे पाहिले. बायका सांगत नाहीत, सोबतचा माणूस सांगतो, हे त्यांना माहीत होते. मी तोंड उघडले. कोणते नाव सांगणार होतो, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

"वामन सीताराम हटवार," सुमन म्हणाली.

ती भिंतीकडे पाहत होती. आवाज चढलेला नव्हता, पण स्पष्ट होता. शाळेत हजेरी देतात तसा. रांगेतल्या दोघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यातल्या एकाची मुलाखत मी दिवाळीच्या अंकासाठी घेतली होती.

मेश्राम म्हणाले, "यायच्या कार्डावर तं लांजेवार हाये."

"ते माया भावाचं नाव हाये. तो इथं कधी आला नाही. त्याचं नाव खोडा."

मेश्राम यांनी चष्मा सारखा केला. लाल पेन्सिल घेतली. 'नामदेव लांजेवार' यावर एक रेघ मारली, मग आणखी एक, मग अक्षर दिसेनासे होईपर्यंत मारत राहिले. रजिस्टर उघडून तिथेही मारली. वर माझे नाव लिहिले. तिने ते पूर्ण होईपर्यंत पाहिले.

"अर्ध्या लोकाईचे नाव खोटेच असते बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मले नंबर पुरते. पन तुमी बरं केलं."

मग माझे कार्ड तिच्या कार्डाखाली ठेवून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

पुढे कित्येक आठवडे मी वाट पाहिली की कॅम्पात कोणीतरी काहीतरी बोलेल. कोणी बोलले नाही. ज्या दोघांनी ऐकले होते त्यांना ते सांगायचे तर आपण त्या रांगेत कशाला होतो, हेही सांगावे लागले असते. ज्या भीतीने मी खोटे नाव सांगितले, ती भीती इतक्या साध्या कारणाने निराधार होती. टपरीवर बसलेल्या माणसाने एवढे वाक्य सोबत घेऊन आत जावे.

तिच्या सुया

तिच्या रक्तातही रोग निघाला. तिला त्याचा एकही डाग उठला नव्हता. दहा दिवस ती रोज दुर्गला गेली. मी सोबत जाई. ती चार पावले पुढे चाले.

पहिल्या सुईनंतर तिलाही ताप आला. मी कपाळावर ओली घडी ठेवली. तिने ती काढून स्वतःच्या हाताने परत ठेवली. ताट ती वेळेवर वाढी. मीठ कमी-जास्त झाले नाही. बोलणे कामापुरते. डॉक्टरांना, मेश्रामना ती सारे प्रश्न विचारी: पोरगं हलून राह्यलं नाही अजून, चालते का? आंबट खाल्लं तं चालते का? मला काही विचारायचे असे तिच्याकडे उरले नव्हते.

सुई देणारी सिस्टर केरळची होती. तिचे हिंदी मोडके, सुमनचेही तसेच. तिसऱ्या दिवशी तिने सुमनच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "तुम्हारा गलती नहीं. बच्चा अच्छा होगा."

पडद्याअलीकडून मी ते ऐकले. त्यातले पहिले वाक्य मी सांगायला हवे होते. तिला ते केरळहून आलेल्या अनोळखी बाईकडून मिळाले. सुमन त्या दिवशी पडद्यामागे प्रथमच रडली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेले होते.

सातव्या-आठव्या दिवशी, डाळ निवडत असताना, ती एकदम म्हणाली, "हललं." मी जागेवरून उठलो. तिने सूप पुढे ओढून घेतले आणि निवडणे चालू ठेवले. मी पुन्हा बसलो.

बारसे

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. डॉक्टरांनी सांगितले, जन्मताच मुलाचे रक्त तपासायचे आहे, जवळ राहा. सासूबाईंना कारण सांगता येण्यासारखे नव्हते. त्या रुसल्या, तरी आल्या. मुलगी झाली. नाळेतले रक्त बाटलीत घेऊन गेले आणि पुन्हा आठ दिवस आले. मुलीचे तळहात मी दिवसातून कितीदा उघडून पाहिले याची मोजदाद नाही. सुमन पाही, पण मला दिसू देत नसे.

चिठ्ठी मेश्राम यांनी दिली. बापाचे नाव बिनचूक होते. खाली रोग नाही असा अर्थ होणारा शब्द होता. मी तो तीनदा वाचला आणि चिठ्ठी सुमनला नेऊन दिली. तिने ती घडी करून मुलीच्या दुपट्याखाली ठेवली. "पुढल्या तीन महिन्याले अजून एकदा दाखवा म्हनले ना?" एवढेच म्हणाली. ते तिने मला विचारले होते. मी हो म्हटले.

बारसे कॅम्पातल्या खोलीतच केले. मध्ये साडीचा पडदा बांधून पाळण्याच्या बाजूला बायका, दाराच्या बाजूला पुरुष. नामदेव सकाळच्या गाडीने आला होता. भाची मांडीवर घेऊन तो सगळ्यांना तिचे नाक कोणावर गेले ते सांगत होता. मी घुगऱ्या वाटत होतो.

पडद्यापलीकडे नाव ठेवून झाले आणि बायकांनी सुमनला धरले.

"आता नाव घे वो."

"नाव घेतल्याबिगर आमी घुगऱ्या नाही खात."

"घेतलं मी," सुमन म्हणाली. "एकदा घेतलं. चारचौघात."

"कवा? आमी नाही ऐकलं."

"तुमी नव्हत्या तिथं."

"मंग आता आमच्यासाठी घे."

"नाही," ती म्हणाली. "ते पुरे झालं."

बायका हसल्या. अलीकडे नामदेवही हसला आणि मला कोपराने ढोसले. "आयका भाऊजी. लय कंजूस हाये माही बहीन. तुमचं नाव एकदाच घेते."

मी म्हटले, हो. मग त्याच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या आणि पातेले घेऊन पुढच्या माणसाकडे गेलो.